नजर चुकवणारी बाहुली

उंद्रीत कुणाच्या ओसरीवर बसून “तुमच्याकडे एखादी जुनी बाहुली आहे का हो?” असं विचारलं की चालत्या गप्पा थांबतात. आमच्याकडे बाहुली म्हटलं की आधी आठवते ती काळी बाहुली. नव्या घराच्या स्लॅबला उलटी टांगलेली, ट्रॅक्टरच्या पुढं बांधलेली, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी तिठ्यावर लिंबू-मिरच्यांजवळ पडलेली. एखादी म्हातारी सरळच विचारते, “काऊन वं बाई, कोनाले काई करा लागते का?” मग सांगावं लागतं की करणीची नको, खेळण्यातली हवी, आजीच्या, पणजीच्या वेळची, आणि तीही कुठलीही नको, जिचे डोळे एका बाजूला वळलेले असतील तीच. एवढं ऐकल्यावर भीती जाते, पण शंका राहते. चांगली शाळा शिकवणारी बाई, हिच्या डोक्यात हे काय शिरलं?

मी जमवते त्या बाहुल्यांचं तोंड समोर असतं, बुबुळं मात्र डोळ्याच्या कोपऱ्यात सरकलेली असतात, डावीकडे किंवा उजवीकडे. बाहुली कशीही धरा, तिरपी करा, तिच्या नजरेच्या वाटेत स्वतःचं तोंड न्या. ती तुमच्या खांद्यावरून पलीकडचं काहीतरी बघत राहते. ओठांवर अगदी थोडं हसू. खोडी काढून साळसूद उभ्या राहिलेल्या पोरीचं असतं तसं. परदेशातल्या संग्राहकांत हिला ‘गुगली’ म्हणतात. आपल्याला लगेच क्रिकेट आठवतं, पण त्या चेंडूशी हिचं काही नातं नाही.

माझ्याकडची थोरली म्हणजे आजीची बाहुली. वीतभर उंच, सेल्युलॉइडची, आतून पोकळ. हात आतल्या रबरी दोरीवर फिरायचे. ती दोरी केव्हाच गळून गेली, आता हात मी सुती धाग्यानं बांधले आहेत. गालावरचा गुलाबी रंग उडालाय. डोळे शाबूत आहेत. काळी बुबुळं उजव्या कोपऱ्यात, आणि प्रत्येकात पांढऱ्या रंगाचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. पाठीवर साच्यातूनच उठलेली रोमन अक्षरं आहेत, त्यात देशाचं नाव वाचता येतं: जपान.

जपानची बाहुली उंद्रीसारख्या गावात कशी आली, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे, आणि खामगाव म्हणजे कापूस. आजीचे वडील तिथल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मापारी होते. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला तोच मुळी कापसासाठी. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. वऱ्हाडच्या आखूड धाग्याच्या कापसाला मुंबईच्या बाजारात ‘उमरा’ म्हणत, अमरावतीच्या नावावरून. लँकेशायरच्या बारीक सुताला तो तितकासा मानवत नसे. जपानी गिरण्यांना मात्र तो चालायचा, नुसता चालायचा नाही तर हवाच असायचा. १८९३ साली निप्पोन युसेन कैशा या जपानी कंपनीनं जमशेटजी टाटांच्या साथीनं कोबे ते मुंबई अशी नेमाची आगबोट सुरू केली. पी अँड ओ या बड्या इंग्रज कंपनीनं भाडं पाडून ती बुडवायचा प्रयत्न केला, पण ती टिकली. जाताना तिच्यात कापसाच्या गाठी. येताना काड्यापेट्या, छत्र्या, काचेच्या बांगड्या आणि खेळणी.

म्हणजे आमच्या काळ्या जमिनीतला कापूस ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं ही बाहुली आली. तिच्या पाठीवरच्या अक्षरांतून तिचं वयही थोडंफार कळतं. अमेरिकेनं १८९० च्या कायद्यानं बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत घालायची सक्ती केली, तेव्हा जपानी कारखानदार ‘निप्पोन’ असं लिहीत. १९२१ मध्ये अमेरिकी जकातखात्यानं ‘निप्पोन’ हे इंग्रजी नाव नव्हे असं ठरवलं, आणि तिथून पुढच्या मालावर ‘जपान’ आलं. अमेरिकेसाठीचे साचे हिंदुस्थानसाठी वेगळे कोण कशाला करील? दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकेच्या ताब्यात असताना, १९५२ पर्यंत, पुष्कळ मालावर ‘ताब्यातल्या जपानमध्ये बनवलेलं’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का येई. तो असला तर संग्राहकाला वेगळा आनंद होतो, कारण वर्षं बोटांवर मोजता येतात. आजीच्या बाहुलीवर तो नाही. आजीचं लग्न व्हायच्या आधीची ती, म्हणजे १९२१ नंतरची आणि युद्धाच्या आधीची.

त्या दोन तारखांच्या मध्ये एक वाईट वर्ष आहे. १९३३ साली सरकारनं ब्रिटिश नसलेल्या सुती कापडावरची जकात पंचाहत्तर टक्क्यांवर नेली. लँकेशायर खूश झालं, जपान चिडलं, आणि जपानी गिरण्यांनी हिंदी कापूस घ्यायचा नाही असं ठरवलं. त्याची झळ थेट वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला बसली, ज्याला जपान नकाशावर दाखवताही आलं नसतं. पुढच्या वर्षी तह झाला: जपाननं दहा लाख गाठी घेतल्या तर त्याला साडेबत्तीस कोटी यार्ड कापड इथं विकता येईल. बाहुली या हिशेबात कुठंच नव्हती. ती खामगावच्या बाजारात मण्यांच्या माळा नि आरशांशेजारी मांडलेली असणार, पणजोबांनी ती घेतली असणार, एवढंच.

जपानी खेळण्यांची ही लाट आली तीही दुसऱ्याच्या पडझडीतून. पहिल्या महायुद्धापर्यंत जगातली चांगली बाहुली म्हणजे जर्मन बाहुली. १९१४ मध्ये जर्मनीचा माल बंद झाला आणि रिकामी झालेली दुकानं जपाननं भरली. तिरप्या डोळ्यांची कल्पना मात्र ना जर्मनांची, ना जपान्यांची. ती कागदावर जन्मली, अमेरिकेत, आणि बायकांच्या हातून. ग्रेस ड्रेटन या चित्रकर्तीनं १९०४ मध्ये एका सूप कंपनीच्या जाहिरातीसाठी गोल गालांची, बाजूला बघणारी मुलं काढली. रोझ ओ’नीलनं १९०९ च्या डिसेंबरात ‘लेडीज होम जर्नल’ मासिकात आपले ‘क्यूपी’ आणले: डोक्यावर केसांचा एक तुरा, मानेमागे इवलेसे निळे पंख, आणि डोळे कोपऱ्यात. वाचकांनी त्यांची बाहुली मागितली. जर्मनीतल्या ओर्डरुफ गावी केस्टनर कारखान्यानं १९१२-१३ च्या सुमाराला ती घडवली, आणि मागणी इतकी वाढली की एका कारखान्याला पुरी करता येईना. ओ’नील बाई बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीतही होत्या. त्यासाठीच्या भित्तिपत्रकांवर आणि कार्डांवरही त्यांनी हे क्यूपी उभे केले. मत मागायला आलेलं बाळ, आणि तेही समोर न बघणारं! राजकारणाची ही जात मला आवडते.

आता ओळखायचं कसं, ते सांगते. हातात घेतल्यावर आधी डोळे बघायचे, कपडे नाही. कपडे कुणीही बदललेले असतात.

साध्या बाहुलीचे डोळे नुसते रंगवलेले. त्याहून वरचं काम म्हणजे कोरून रंगवलेले डोळे: साच्यातच बुबुळाच्या जागी खड्डा ठेवायचा, त्यात रंग भरायचा, वर पांढरा ठिपका द्यायचा. उजेड त्या खड्ड्यात अडकतो आणि डोळा ओला दिसतो. जर्मनीतल्या हॉयबाख कारखान्याचा यात हातखंडा होता. मग काचेचे डोळे, गोल आणि मोठे, बाजूला वळवून आत बसवलेले. आणि आणखी एक प्रकार, ज्यात नवखा माणूस हमखास गोंधळतो: हलणारे डोळे. डोक्यात शिशाचं वजन असतं. बाहुली आडवी केली की पापण्या मिटतात, आणि काहींत ती कलती केली की डोळे या बाजूचे त्या बाजूला जातात. दुकानदार त्यालाही तिरप्या डोळ्यांची म्हणून विकतो. पण ती वेगळी. तिचे डोळे समोरही येतात. खऱ्या गुगलीला मान वाकडी केली तरी मन बदलता येत नाही.

डोळे झाले की केस उचलून मान बघायची. चिनीमातीच्या जर्मन बाहुलीच्या मानेवर, टोपाखाली, कच्च्या मातीतच दाबलेला आकडा असतो. आर्मांड मार्सेयची ३२३, केस्टनरची २२१, केमर आणि राइनहार्टची १३१. हे साच्यांचे नंबर आहेत, सालं नव्हेत. १३१ बघून कुणी ‘एकशे एकतीस वर्षं जुनी’ म्हणून सांगितलं तर हसू आवरून घ्यावं. ३२३ बरीच सापडते, १३१ क्वचित. हे सगळे कारखाने थुरिंगियाच्या डोंगराळ मुलखातले. तिथं डोकी कारखान्यात भाजली जात आणि अंगं, कपडे, केस गावोगावच्या घरांत बायका-मुलं करत. आपल्याकडे विड्या वळतात तशीच मजुरी, नगावर. जुन्या खेळण्यांबद्दल बोलताना हे कुणी फारसं बोलत नाही. एका देशातल्या मुलांनी खेळावं म्हणून दुसऱ्या देशातली मुलं रात्री दिव्याशी बसून बाहुल्यांचे बूट शिवत होती.

चिनीमातीचा चेहरा असेल तर तो झिलईशिवायचा, हाताला सायीसारखा मऊ लागतो, आणि गालाचा रंग भट्टीत भाजलेला असल्यामुळे पुसला जात नाही. भुसा आणि सरस यांच्या लगद्याचा असेल तर त्यावर बारीक भेगांचं जाळं येतं. त्याला पाण्याचं बोटसुद्धा लावायचं नाही. नमद्याची असेल तर इटलीची असू शकते. तोरिनोला एलेना स्काविनी या बाईनं १९१९ मध्ये काढलेला लेन्ची कारखाना अशा फुगऱ्या ओठांच्या, रुसून बाजूला बघणाऱ्या बाहुल्यांसाठीच प्रसिद्ध झाला. नमद्याला कसर लागते, तिच्याजवळ वेखंड ठेवावं. आणि सेल्युलॉइड असेल तर अंगठ्यानं पाठ जोरात घासून वास घ्यायचा. कापराचा येतो.

पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी देवघराकडेच बघितलं होतं. पण त्यात चमत्कार नाही. आम्लात मुरवलेला कापूस आणि कापूर, या दोन गोष्टींपासून सेल्युलॉइड होतं. अमेरिकेत हायट बंधूंनी त्याचं पेटंट घेतलं ते १८७० साली, खामगावला गाडी आली त्याच वर्षी. कापूर मिळायचा तैवानच्या जंगलातून. १८९५ मध्ये ते बेट जपानच्या हातात गेलं आणि १८९९ पासून कापराच्या व्यापारावर जपान सरकारची मक्तेदारी झाली. म्हणून सेल्युलॉइडच्या बाहुलीत जपान इतकं पुढं गेलं. आमच्या देवासमोर जळत होता तोही पुष्कळदा तिकडचाच कापूर. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये पडद्यावर आला तो याच कुळातल्या फिल्मवर. या सगळ्या कुळाचा एक दुर्गुण आहे, पेट घेणं. जुन्या पुस्तकांत सेल्युलॉइड ओळखायला तापलेली सुई टोचून बघा असं लिहिलेलं असतं. कृपा करून कुणी तसं करू नये. बाहुली तर जाईलच, बोटंही भाजतील. देवघरात समईशेजारी शोभेला ठेवलेली सेल्युलॉइडची बाहुली मी एका घरात पाहिली आणि आधी ती उचलली, मग चहा घेतला.

हे झालं शास्त्र. पण मला या डोळ्यांनी धरून ठेवलं त्याचं कारण यातलं एकही नाही.

आपल्याकडे मूर्तीचा डोळा ही शेवटची आणि सगळ्यात अवघड गोष्ट. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत अंगाचा रंग कुणीही देईल, डोळ्यांची आखणी मात्र हात बसलेल्या कारागिराकडेच जाते. ती चुकली तर गणपती कुठंतरी बघतो, आणि कुठंतरी बघणारा गणपती कुणी घरी नेत नाही. तो आपल्याकडेच बघायला हवा. दर्शन म्हणजे काही आपणच त्याला बघणं नव्हे. खामगावच्या सराफ्यात चांदीचे डोळे मिळतात. शेंदूर चढून चढून आकार हरवलेल्या दगडाला ते डोळे लावले की तो देव होतो, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला जाब विचारल्यासारखा बघू लागतो.

आमची भुलाबाईही तशीच. भाद्रपदाच्या पौर्णिमेला कुंभाराकडून भुलाबाई, भुलोजी आणत. महिनाभर पोरी रोज संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणत, झाकलेल्या डब्यातला खाऊ काय आहे ते ओळखत, आणि कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात तिला बसवत. मातीची ही बाई आम्हां पोरींची सगळ्यात मोठी बाहुली होती असं म्हटलं तरी चालेल. पण तिच्याशी खेळता येत नसे. ती डोळे ताणून समोर बघायची, तिच्यासमोर नीट बसावं लागायचं. ठकी नावाची जुनी मराठी लाकडी बाहुली पाहिलीत तर तीही अशीच: एकाच लाकडात कोरलेली, हात अंगाला चिकटलेले, डोळे उघडे आणि समोर. पिंगुळीच्या चित्रकथीतली माणसं तर याहून मजेची. त्यांची तोंडं बाजूला वळलेली असतात आणि डोळा मात्र पूर्ण, आपल्याला दिसेल असा. माझ्या बाहुल्यांचं नेमकं उलट. तोंड समोर, डोळा वळलेला. एकाला तोंड फिरवूनही नजर लपवायची नाही. दुसरीला समोर उभं राहूनही नजर द्यायची नाही.

आजीला मी एकदा विचारलं होतं, ही बघते तरी कुणाकडे? आजी पाटीतल्या शेंगा फोडत होती. म्हणाली, “मी बी तिले लय येळा म्हनलं, इकडं पाय म्हनून. नाई पाह्यलं तिनं.” मग थोड्या वेळानं, आपल्याशीच बोलल्यासारखं, “आमी तरी कुठी सरळ पाह्यत होतो? सासरा ओसरीवर बसला असला म्हंजे मान वर करता येत नव्हती. डोये तेवढे फिरवता येत.”

उंद्रीत नवी नवरी म्हणून आली तेव्हा ती चौदा-पंधराची होती. बाहुली तिच्या ट्रंकेत होती, तळाशी. ट्रंक उघडून ती खेळायला बसली असेल असं मला वाटत नाही. वेळ कुणाला होता? पण दाराच्या फटीतून, पदराच्या काठाखालून, चुलीपुढच्या धुरातून डोळ्याच्या कोपऱ्यानं बघायची जी विद्या त्या पिढीच्या बायकांनी कमावली होती, ती या कारखान्यातल्या बाहुलीच्या चेहऱ्यावर तिला आयती सापडली असेल. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या ताटात काय पडलं, कुणी कुणाकडे बघून काय हसलं. सगळं त्यांना ठाऊक असायचं, आणि त्यांनी काही पाहिलं असं कुणाला कधी दिसायचं नाही. समोर बघणाऱ्या बाहुलीला माणूस सांभाळतो, तिला जेवू घालतो, निजवतो. बाजूला बघणाऱ्या बाहुलीला विचारावंसं वाटतं, तिकडं काय चाललंय गं? तिची सेवा करता येत नाही, तिच्याशी संगनमतच होऊ शकतं.

म्हणूनच एका बदलाचा मला थोडा राग आहे. १९५९ साली न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत पहिली बार्बी आली तेव्हा तिचेही डोळे बाजूला वळलेले होते. जिच्यावरून ती बेतली त्या जर्मन लिली बाहुलीचेही तसेच. बारा वर्षं बार्बी कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हती. १९७१ मध्ये मालिबू बार्बी आली आणि तिची बुबुळं मध्यभागी सरकली, ती सरळ बघायला लागली. बाई आता कुणाला भीत नाही, असा त्याचा अर्थ बहुतेकांनी लावला आणि तो चुकीचा नाही. तरी मला वाटतं, त्यात काहीतरी गेलं. सरळ बघणारी बाहुली तुमच्याबद्दल विचार करत असते. बाजूला बघणारीला तिचं स्वतःचं काही असतं.

संग्रह हा शब्द माझ्या कपाटातल्या दोन फळ्यांना मोठा होतो, हे मला कळतं. पण ज्यांचा संग्रह खरोखर मोठा होता त्या दिनकर केळकरांची मला यात आठवण होते. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता करणाऱ्या या माणसानं १९२० च्या सुमारापासून गावोगाव फिरून लोकांच्या अडगळीतून अडकित्ते, दिवे, वज्र्या, दौती, खेळणी गोळा केली, आणि बालपणीच गेलेल्या मुलाच्या नावानं पुण्यात ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ उभं केलं. १९७५ मध्ये ते सगळं सरकारला देऊन टाकलं. दिल्लीला व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये देशोदेशींच्या बाहुल्यांचं संग्रहालय काढलं. हजारो बाहुल्या आहेत तिथं, आपापल्या देशाचे पोशाख घालून नटलेल्या. ते बघण्यासारखं आहेच. पण मला केळकरांचं जास्त पटतं, कारण त्यांच्याकडच्या वस्तू वापरलेल्या आहेत. अडकित्त्याची धार कुणाच्या तरी सुपारीनं गेलेली असते. बाहुलीचंही तेच. डबा न उघडलेली, नवीकोरी जुनी बाहुली परदेशात सगळ्यात महाग जाते. मला ती नको. जिच्याशी कुणी खेळलंच नाही ती म्हातारी झाली कशी?

लिलावात आणि ऑनलाइन दिसणाऱ्या चिनीमातीच्या गुगलींबद्दल एक सावधगिरी. जुने साचे वापरून घरी बाहुल्या करायचा छंद अमेरिकेत अनेक वर्षं जोरात होता. प्रामाणिक करणारा मानेवर आपलं नाव आणि साल घालतो. पुढचा विकणारा ते घासून काढतो. म्हणून मान घासलेली, खरखरीत लागली तर तिथंच थांबावं. डागडुजी लपवलेली असेल तर अंधारात अतिनील दिव्याखाली नवा रंग वेगळा चमकतो. आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे नियम लागू शकतात. पहिल्या क्यूपीनं शंभरी ओलांडली आहे, तेव्हा असं काही देशाबाहेर पाठवायच्या आधी चौकशी करावी.

वऱ्हाडातला उन्हाळा हा या सगळ्याचा खरा शत्रू. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढं गेला की सेल्युलॉइड आतल्या आत कुजायला लागतं, कडा पिवळ्या पडतात, अंगाला घाम आल्यासारखा चिकटा सुटतो. प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात ठेवाल तर लवकर मरेल, त्यातून निघणारी वाफ तिलाच खाते. धुतलेल्या सुती कपड्यात सैल गुंडाळून, घराच्या सगळ्यात थंड खोलीत, दुसऱ्या बाहुल्यांपासून लांब. पत्र्याच्या खोलीत तर मुळीच नको. आजीची बाहुली मी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात ठेवते, मातीच्या भिंतीच्या कोनाड्यात. तशा भिंती गावात आता थोड्याच राहिल्या आहेत.

दिवाळीच्या आधी घरं झाडली जातात, माळे रिकामे होतात, आणि भंगारवाल्याची हातगाडी बरोबर त्याच आठवड्यात येते. तेव्हा ट्रंकेच्या तळाशी एखादी हात तुटलेली, नागडी, रंग उडालेली बाहुली सापडली तर तिची पाठ बघा, मान बघा, डोळे कुठं आहेत ते बघा. तिला साबणानं घासू नका, आणि डोळे उडाले असले तरी ते पुन्हा रंगवू नका. घरात म्हातारं माणूस असेल तर आजच विचारा: कुणाची होती, कुणी आणली, कोणत्या बाजारातून, किती वर्षांची असताना. सांगतील ते एका कागदावर लिहा आणि तो कागद बाहुलीसोबत ठेवा. कारखान्याचं नाव आणि साल पुढंमागं कुणीतरी शोधून काढील. जिची ती होती तिचं नाव तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही. आणि विकायची नसेल तर विकू नका. मला नुसती दाखवलीत तरी पुरे.